सहाव्या प्लेटचं झाकण

या सदरातले अनुभव मी गेली दोन वर्षं वाचते आहे आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा वाचून हसते. उलटी पावलं, चिंचेखालची बाई, हाक मारून नाहीसा झालेला प्रवासी... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या घरात कुणाला भास झाला तर मी आधी त्याचा ताप बघते. तरी हे लिहायला बसले, कारण जे घडलं ते माझ्या स्वतःच्या दुकानात, भर दिवसा, आणि ज्या कामात माझी वीस वर्षं गेली त्या कामात घडलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चार प्रश्न विचारून गप्प केलं असतं. तेच प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिले. गप्प मीच झाले.

पालघरला स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आमचा फोटो स्टुडिओ आहे. यजमान फोटो काढतात, मी रिटचिंग करते. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून गिऱ्हाइकाच्या तोंडावरचे डाग, मुरमं, डोळ्यांखालची वर्तुळं घालवायची. लग्नाळू मुलींचे फोटो आमच्याकडे फार येतात, त्यामुळे माझा हात चांगला बसला आहे. माणूस समोर आला की मला आधी त्याचे डाग दिसतात, मग माणूस. सवय आहे, इलाज नाही.

कॅमेरा जुना, लाकडी, तिपाईवरचा. त्याला काचेची प्लेट लागते. प्रत्येक प्लेट एका चपट्या लाकडी चौकटीत बंद असते आणि चौकटीला सरकतं झाकण असतं. चौकट कॅमेऱ्यात बसवायची, झाकण ओढून काढायचं, फोटो घ्यायचा, झाकण परत सरकवायचं. झाकण काढलंच नाही तर प्लेटला उजेड लागत नाही आणि फोटो येत नाही. झाकणाची एक बाजू आम्ही पांढरी रंगवली आहे, दुसरी काळी. पांढरी बाहेर म्हणजे कोरी प्लेट, काळी बाहेर म्हणजे वापरलेली.

एकदा माहीमच्या एका लग्नात ह्यांनी सगळा वऱ्हाडाचा ग्रुप झाकण न काढताच घेतला होता. त्या दिवशी जे ऐकावं लागलं त्यानंतर मी नियम घातला. झाकण काढलं की ते ह्यांनी माझ्या हातात द्यायचं. फोटो झाला की मी ते उलटं करून, काळी बाजू वर, परत द्यायचं. माझ्या हातात झाकण नाही, तर फोटो नाही. इतकं साधं. तेव्हापासून एकही प्लेट चुकली नव्हती.

आता प्रसंग सांगते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, गणपती होऊन गेले होते. तारापूरला वीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं आणि बोईसरच्या बाजूला देशावरून आलेल्या कामगारांच्या चाळी नुकत्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या गणपतीत दातिवऱ्याच्या पोरांनी नाटक केलं. त्या नाटकात जनू नावाच्या मुलाने धाकट्या जावेचं काम केलं. जनू मच्छीमार घरातला, तेवीस-चोवीस वर्षांचा, आणि गावात सहा वर्षं बायकांचीच कामं करत आलेला. मुंबईच्या एका नाटक कंपनीचे मॅनेजर बोईसरला मेव्हण्याकडे आले होते, ते प्रेक्षकांत होते. नाटक संपल्यावर आत जाऊन ते जनूला म्हणाले, "काम चोख केलंस. पण आता बायकांची कामं बायकाच करतात. पुरुष म्हणून कसा दिसतोस ते मला कळायला पाहिजे. चांगल्या स्टुडिओतून फोटो काढून आण. समोरून, बाजूने, हसताना. मी शनिवारपर्यंत इथे आहे."

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला जनू आणि त्याची बायको आमच्या दुकानात उभी. ही हकीकत मला सांगितली ती बायकोनेच, हिराने. जनू नुसता उभा.

"काकी, फोटो असं काडा का मॅनेजरनं उद्याच्या उद्या बोलावलं पायजे," हिरा म्हणाली. "ह्याला दर्या लागतो."

"काय लागतो?"

"दर्या! बोट हलली का हा ओकतो. कोल्याचा पोर आन् बोटीवर ओकतो. सगला गाव हसतो. भाऊ म्हनतो, ह्याला जाळी शिवायला घरी ठेवा बायांमंदी. नाटकात तेवडा मानूस होतो, मंग परत जाळी."

"हिरे, गप," जनू म्हणाला. त्या दिवशी तो स्वतःहून बोललेला तो पहिला शब्द.

मी त्याच्याकडे पाहिलं. गालावर देवीचे तीन व्रण, भुवईत एक जुनी खोक, ओठ बरे. काम फार नव्हतं. मी त्याला ह्यांचा इस्त्रीचा शर्ट दिला, केस नीट करून दिले आणि खुर्चीवर बसवलं.

आणि बसवल्या बसवल्या त्याचं लाकूड झालं.

मी पुष्कळ माणसं कॅमेऱ्यासमोर घट्ट होताना पाहिली आहेत, पण हा वेगळाच प्रकार. पहिला फोटो समोरून घेतला, तर हा पंचनाम्याला बसल्यासारखा. दुसरा बाजूने, मान अशी ताठ की लचक भरेल. ह्यांनी सगळे उपाय केले. श्वास सोडा, खांदे सोडा, नाव सांगा, बायकोचं नाव सांगा. तिसरा. चौथा. मी म्हटलं, जरा थांबू या. चहा केला.

चहा पिताना हिरा म्हणाली, "काकी, तुमची शाल द्या जरा." आणि तिने माझी शाल त्याच्या डोक्यावरून टाकली. काय सांगू! तोच मनुष्य. मान जराशी कलली, डोळ्यांत पाणी चमकलं, आणि समोर एक बाई बसली होती जिला सासरी आज कुणीतरी बोललं आहे. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हटलं, "वा!" हिराने शाल काढली. लाकूड.

"मॅनेजरला बाई नकोय," ती म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हा पहिल्यांदा रडू होतं. "बाई हाय त्यांच्याकडं."

जनू खुर्चीवरूनच म्हणाला, "काका, मला लुगडं नेसल्यावर कलतं, कोन हाय मी ते. असा शर्ट घालून बसलो का... मानूस म्हनून काय करतात तेच ठाव नाय."

पाचवी प्लेटही तशीच गेली. सहावी शेवटची, भरून ठेवलेल्या चौकटी सहाच होत्या. त्यांची परतीची गाडी सव्वाबाराला होती, ती चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नाही, आणि जनूला दुपारी भावाबरोबर बोटीवर जाळी चढवायला हजर राहायचं होतं. ह्यांनी चौकट बसवली. मी माझ्या जागेवर, म्हणजे खुर्चीच्या डाव्या हाताला, भिंत आणि पांढरं कापड ताणलेली चौकट यांच्या मधल्या सापटीत जाऊन उभी राहिले. ते कापड धरून मी चेहऱ्यावर उजेड टाकते. हिरा माझ्या समोर, खुर्चीच्या पलीकडे, दाराजवळच्या बाकावर.

तिचा धीर सुटला. ती हात उगारून ओरडली, "अरं, घरी मला कसा बोलतोस! कालवन खारट झालं का कसा बगतोस! तसा बग की यांच्याकडं! का तितं पन मीच येऊन बसू?"

जनूने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. 'बघा ही अशी आहे' असं सांगायला. त्या नजरेत चीडही होती, लाजही होती, आणि ही माझी आहे असा तोराही होता. ओठ मिटलेले, हसू सगळं गालात. एक क्षणभर. संसार करणारा, बायकोला भिणारा, बायकोवर खूश असलेला पुरता बाप्या माझ्यासमोर बसला होता.

माझ्या मनात आलं, हा! हा फोटो पाहिजे होता. गेला.

"समोर बघा," हे म्हणाले. जनूने समोर पाहिलं, परत लाकूड झालं, ह्यांनी फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबला. झालं. मग शर्ट बदल, पिशवी घे, चपला शोध, अशी धावपळ. मी हिराला सांगितलं, उद्या सकाळी एकटी ये, फोटो घेऊन थेट बोईसर गाठ. दोघं स्टेशनकडे पळाली.

मी चौकटी गोळा करायला गेले. पाच काळ्या. एक पांढरी.

"अहो," मी म्हटलं, "सहाव्याचं झाकण तुम्ही माझ्या हातात दिलंच नाही."

"दिलं."

"नाही दिलं. दोन्ही हातांत माझ्या कापड होतं. तिच्या ओरडण्यात तुम्ही काढायलाच विसरलात."

"मी काढलं, घेतला आणि सरकवलं. तू उलटं करायला विसरलीस."

"मी विसरले?"

या वाक्यावर आमच्याकडे जेवणं थंड होतात. एरवी मी पांढरी चौकट कोरी म्हणून फळीवर ठेवली असती. पण ह्यांना खरं ठरायचं होतं आणि मलाही. म्हणून दुपारी जेवण झाल्यावर इतर पाचांबरोबर ती प्लेटही धुवायला घेतली. पैज अशी, की कोरी निघाली तर आठवडाभर पाणी हे भरणार.

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली आम्ही दोघं. पाच प्लेटी आल्या, पाच लाकडं. सहावी ह्यांनी बशीत सोडली. मी हात बांधून उभी. अर्धं मिनिट काही नाही. मी म्हणणार होते 'बघा', तेवढ्यात काचेवर डाग धरू लागला.

"बघ!" हे म्हणाले. "मी म्हणालो नव्हतो?"

मी वाकून पाहिलं. निगेटिव्ह वाचणं मला छापील अक्षर वाचण्याइतकं सोपं आहे. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं, सगळं डोळ्यांना पाठ. मी म्हटलं, "हा समोरून नाही."

"म्हणजे?"

"मान वळलेली आहे. आणि मागे पडदा नाही."

ह्यांनी काच हायपोतून, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यातून, काढून दिव्यापाशी धरली. आमच्या प्रत्येक फोटोत मागे रंगवलेला पडदा असतो, बागेचा, खांबांचा. या काचेवर पडदा नव्हता. जनूच्या खांद्यामागे आमचं दार होतं, दाराजवळचा बाक होता आणि बाकावरून उगारलेला, कोपरापर्यंत बांगड्या भरलेला एक हात होता. आणि जनू बघत होता तो... कसं सांगू. मी जिथे उभी होते तिथून त्याच्याकडे पाहिलं, तर तो जसा दिसला होता, तसा. तोच क्षण. फुगा दाबायच्या आधीचा.

ह्यांनी काच सांभाळून वाळत लावली. पाणी कोण भरणार हा विषय त्यानंतर निघालेला नाही.

संध्याकाळ आम्ही शोध घेण्यात घालवली. जुनी, आधी वापरलेली प्लेट चुकून आली असेल? खोकं त्याच सकाळी मी माझ्या हाताने फोडलं होतं. त्यातल्या उरलेल्या प्लेटींतली एक मुद्दाम धुवून पाहिली, स्वच्छ कोरी. चौकटीला चीर असेल? विजेरी लावून पाहिली, चीर नाही. आणि चीर असती तरी उजेड शिरून काच काळी होते, माणूस उमटत नाही. मग कॅमेरा त्या बाजूला सरकला असेल का? ह्यांनी तिपाई उचलून माझ्या जागेवर लावून पाहिली. भिंत आणि कापड यांच्या मध्ये तिपाईचे पाय मावत नाहीत. तिसरा पाय उचलून धरावा लागतो. आणि उंची जुळवायला कॅमेरा वीतभर वर घ्यावा लागला, अगदी माझ्या डोळ्यांच्या रेषेत. तेव्हा कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बाक आणि दार फोटोतल्यासारखं दिसलं.

माझ्या डोळ्यांनी फोटो काढला असं कुणी म्हणेल, तर मला ते मान्य नाही. डोळ्यांनी फोटो निघत असते तर आम्ही दुकानाचं भाडं कशाला भरलं असतं?

रात्री जेवताना हे म्हणाले, "हा द्यायचा का तिला? आपण काढलेला नाही."

"चेहरा त्याचा, प्लेट आपली," मी म्हटलं. "आणि बाकीचे पाच घेऊन गेली तर तो जन्मभर जाळी शिवेल. द्यायचा."

रिटचिंगच्या मेजावर मी ती काच लावली, पेन्सिलीला टोक केलं. देवीचे तिन्ही व्रण होते, भुवईतली खोकही होती. मी बराच वेळ पेन्सिल धरून बसले आणि मग ती खाली ठेवली. कंपनीला माणूस बघायचा होता, घासलेली वाटी नव्हे. बाकी पाचांवर मात्र नेहमीसारखं काम केलं. मॅनेजरसाठी छापताना मागचा हात कापून फक्त चेहरा घेतला.

शनिवारी सकाळी हिरा आली. मी सहाही फोटो टेबलावर मांडले. तिने पाच फोटोंवरून नजर फिरवली, सहाव्यावर थांबली आणि बोट ठेवलं.

"ह्यो माजा नवरा," ती म्हणाली. "हे पाच कोन?"

ती बोईसरला गेली. पुढचं तिच्याकडूनच कळलं. मॅनेजरांनी पाच फोटो बाजूला सारले, सहावा उजेडात नेऊन पाहिला आणि विचारलं, "हा तोच का? लुगड्यातला?" हिरा म्हणाली, "तोच. बगा, कसा बगतो." मॅनेजर म्हणाले, सोमवारी मुंबईला घेऊन ये.

दिवाळीनंतर कंपनीचं नाटक बोईसरला कामगारांच्या मांडवात झालं, तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. जनू कंपाउंडर झाला होता, तीन प्रवेश. पहिल्या प्रवेशात हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, उगाच बाटल्या पुसत होता. तिसऱ्यात डॉक्टरांच्या बायकोने त्याला झापलं आणि त्याने मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं. मांडव हसून फुटला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "जमलं बुवा." आता तो कंपनीबरोबर गावोगाव फिरतो, सहा महिने बाहेर असतो, बरी कामं मिळतात. मी एकदा त्याला विचारलं, त्या दिवशी शेवटच्या फोटोला तू कुठे बघत होतास? म्हणाला, "हसलो ते तुमच्याकडं बगून. क्यामेऱ्याकडं बगताना कुठं हसू येतंय, काकी!" म्हणजे त्यालाही तेवढंच आठवतं जेवढं मला.

मी नंतर दोनदा गिऱ्हाइकाच्या नकळत करून पाहिलं. ह्यांना झाकण न काढता फुगा दाबायला लावला आणि त्याच सापटीत उभी राहून गिऱ्हाइकाकडे टक लावून पाहिलं. दोन्ही वेळा प्लेट कोरी. त्यातलं एक गिऱ्हाईक मात्र बायकोला म्हणालं म्हणे, फोटोवाली बाई जरा विचित्र आहे.

परवा हिरा आली होती. पोर कडेवर, टोपलीत माझ्यासाठी बोंबील. जनू दौऱ्यावर, म्हणून तिला तो फोटो मोठा करून घरी लावायला पाहिजे होता. मी या वेळी हात न कापता पूर्ण छापला. तिने पाहिला आणि ओरडलीच, "अगो, ह्यो हात माजा!" आणि खूप हसली.

मग मी तिला सगळं खरं सांगितलं. चार वर्षं सांगितलं नव्हतं, पण फोटो तिचा, तिला कळायला हवं. चौकट आणून दाखवली, झाकण सरकवून दाखवलं, पांढरी बाजू, काळी बाजू. कापड धरून माझ्या जागेवर उभी राहिले, तिला बाकावर बसवलं. म्हटलं, झाकण बंद होतं, हिरा. आत उजेडाचा किरण गेला नव्हता. आणि कॅमेरा तिकडे होता, मी इथे होते.

तिने नीट ऐकून घेतलं. पोराच्या नाकाला पदर लावला.

"मंजे तुमी त्याला बगितलंत," ती म्हणाली.

"हो."

"आन् जसा बगितलात तसा आला."

"हो. पण—"

"मंग?" ती म्हणाली.

बोंबील सुकवायला पत्र्यावर घातले, हिराला गाडीत बसवून आले, आणि त्या 'मंग'वर अजून विचार करते आहे. वाचकांपैकी कुणाला फोटोचं शास्त्र माझ्यापेक्षा चांगलं येत असेल तर जरूर कळवावं. मला उत्तर सापडलेलं नाही.